उष्टा दगड

खनिजांच्या ऑफिसात दोनच गोष्टी साठतात, दगड आणि किस्से. दगडांना निदान काचेचं कपाट मिळतं, नंबर मिळतो. किस्से बिचारे माझ्याच डोक्यात पडून आहेत. परवा मित्र जमले, कुणीतरी सहज विचारलं, "तुम्ही बंगलोरला होतात ना हो, खाणींच्या खात्यात?" झालं! बायको स्वयंपाकघरातूनच ओरडली, "आता जेवणं गार होणार!"

आधीच सांगून टाकतो, मी दगडातला माणूस नाही. मी नकाशे काढणारा. पुण्याहून बंगलोरला गेलो तेव्हा राज्याचं नाव मैसूर होतं आणि आमचं ऑफिस तिथल्या शिवाजीनगरच्या बाजाराजवळ एका जुन्या बंगल्यात होतं. आमच्या घरी उष्ट्या-खरकट्याचं भारी प्रस्थ. भावाच्या पेल्याला चुकून तोंड लावलं तर आई पेला घासायला टाकायची आणि मला चूळ भरायला लावायची. अशा घरातून मी त्या ऑफिसात गेलो, हे लक्षात ठेवा.

* * *

पहिलाच दिवस. आमचे मोठे साहेब कन्नड, गंभीर, कपाळाला गंध. टेबलाभोवती सगळे जिऑलॉजिस्ट बसलेले. साहेबांनी एक दगड उचलला, भिंगातून न्याहाळला आणि चक्क चाटला! मला वाटलं, आपल्यालाच भास झाला. तोवर त्यांनी तो शेजारच्या महाजनीला दिला. महाजनी साताऱ्याचा, तरुण, हुशार, आणि आमच्या ऑफिसातला एकुलता एक अविवाहित. त्यानेही चाटला! मग पुढच्याने! एकाने चाटलेला दगड दुसरा चाटतोय, दुसऱ्याने चाटलेला तिसरा, आणि तो दगड माझ्या दिशेने येतोय! मी खुर्चीतच थिजलो.

महाजनी कानाशी कुजबुजला, "जोगळेकर, दगड ओला झाला की त्यातले कण नीट दिसतात. चिकणमाती असेल तर जिभेला चिकटते. घ्या ना."

"अहो, पण उष्टा आहे!"

साहेबांनी भुवया उंचावल्या. मी घाईघाईने म्हटलं, "सर, नळाखाली धुऊन आणू का?"

साहेब शांतपणे म्हणाले, "व्हाय? आता स्वच्छच आहे!"

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. तसाच घरी परत नेला.

* * *

महाजनीला आई-वडील नव्हते, जवळचं असं कुणीच नव्हतं. वर्षातले कितीतरी महिने तंबूत राहायचा आणि परत आला की रिकाम्या खोलीचं कुलूप उघडायचा. माझ्या बायकोला, सुमतीला, त्याची फार दया यायची. तिने ठरवूनच टाकलं, ह्याचं लग्न आपण लावायचं! म्हणून एका रविवारी त्याला जेवायला बोलावलं.

वरणभात वाढला. पहिल्याच घासाला कचकन आवाज! तांदळात खडा. सुमतीचा चेहरा पडला. दुसरा कुणी असता तर गुपचूप गिळला असता. ह्या पठ्ठ्याने खडा तोंडातून काढला, पाण्याने धुतला, खिशातून भिंग काढलं आणि आनंदाने ओरडला, "वहिनी, क्वार्ट्‌झ आहे! तांदूळ कुठून घेता?"

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सुमती काय ऐकून घेणारी! ती म्हणाली, "भावजी, पुढच्या वेळी जेवायच्या आधी या. सूप हातात देते, सगळे खडे तुमचे!"

आणि खरंच, पुढच्या रविवारी स्वारी तांदूळ निवडायला हजर.

* * *

पहिलं स्थळ मल्लेश्वरमचं. पुण्याहून तिकडे नोकरीला आलेले इंजिनिअर, घर नवंकोरं, दारात छान काळसर पायऱ्या. आम्ही जरा लवकरच पोचलो. आतून "आले, आले" असा आवाज आला, म्हणून मी दाराकडे बघत उभा राहिलो. मागे ठक्‌ असा आवाज झाला. वळून बघतो तर महाजनी पायरीवर उकिडवा बसलेला, एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात पायरीचा तुकडा!

"अहो, काय केलंत हे!"

"जोगळेकर, असा दगड ह्या भागात मिळत नाही हो! आणला कुठून असेल?"

तेवढ्यात दार उघडलं. मुलीच्या वडिलांनी आधी पायरी पाहिली, मग हातोडी पाहिली, मग मला विचारलं, "नवरामुलगा हाच का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "आत यायच्या आधी ह्यांनी पायरी फोडली. आत आल्यावर काय काय फोडतील?"

चहासुद्धा मिळाला नाही. येताना बसमध्ये महाजनी त्या तुकड्याकडेच बघत होता. पण उतरताना एकदम म्हणाला, "मुलगी नुसती बघितली तरी असती हो." मला फार वाईट वाटलं.

* * *

ह्याच्या पुढचा किस्सा बंगलोरजवळच्या आनेकलकडचा, तो आमच्या जीपच्या ड्रायव्हरने सांगितला. महाजनी माळावर एकटाच हिंडत होता. दगड उचलायचा, फोडायचा, चाटायचा, टाकायचा. शेतातली एक म्हातारी हे बराच वेळ बघत होती. शेवटी तिला राहवेना. ती घरी गेली आणि नाचणीचा उंडा आणि सारू, म्हणजे तिकडची पातळ आमटी, घेऊन धावत आली. "ऊट माडप्पा, ऊट माडु!" म्हणजे जेव रे बाबा, जेव! तिच्या डोळ्यांत पाणी. पोटात अन्न नाही म्हणून शिकलासवरलेला मुलगा दगड चाटतोय, ह्याचाच तिला धक्का बसलेला!

ड्रायव्हरने समजावलं की, अज्जी, हे सरकारी साहेब आहेत, हे त्यांचं काम आहे. म्हातारीचा विश्वास बसेना. तिने विचारलं, "लग्न झालंय का?"

"नाही."

"मग बरोबर," ती म्हणाली. "घरात बायको नसली की असंच होतं!"

महाजनीने उंडा संपवला आणि दुसरा मागितला.

* * *

एकदा ऑफिसात कोलारकडचे दगड आले. साहेबांनी हातोडी मारली आणि खोलीभर लसणाचा वास सुटला. मला वाटलं, कुणीतरी चटणीचा डबा उघडला. मी हौसेने पुढे वाकलो तर महाजनीने माझी कॉलरच धरली! "लांब व्हा! ह्यात सोमल आहे!"

सोमल! म्हणजे जहर! माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे ही मंडळी इतके दिवस जे चाटत होती त्यात विषसुद्धा निघू शकत होतं!

मी विचारलं, "मग चाटायच्या आधी कळतं कसं?"

"ठोकून वास घ्यायचा," महाजनी म्हणाला. "लसणाचा आला तर जीभ आत."

"आणि नेमकी सर्दी झाली असेल तर?"

हा विचार कुणी केलेलाच नसावा. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "देन वुई गिव्ह इट टु द ज्युनिअर."

ज्युनिअर म्हणजे महाजनीच! घरी येऊन हे सांगितलं तर सुमतीच्या हातातली कळशीच सुटली. म्हणाली, "त्याला ओरडायला घरात कुणीतरी हवंच!"

* * *

आता शेवटचं स्थळ. शेवटचं अशासाठी की महाजनीची बदली जंगलातल्या कॅम्पवर झाली होती, लांबच्या मुदतीची. तो म्हणाला, "हे जमलं तर जमलं. नाहीतर वहिनींना सांगा, पुन्हा विषय काढू नका."

घराणं तिथलंच, पिढ्यान्‌पिढ्या बंगलोरात मुरलेलं मराठी. मुलीच्या वडिलांना सगळे अण्णा म्हणत. मुलगी कमल, शाळेत शिकवायची. मी घरूनच महाजनीचे खिसे तपासले. हातोडी काढून घेतली, भिंग काढून घेतलं. सुमतीच्या गळ्याची शपथ घालून बजावलं, "आज दगडाला हात लावायचा नाही!"

बसलो. अण्णा म्हणाले, "स्वल्प उप्पीट घ्या की, लाजू नका." सगळं छान चाललं होतं. एवढ्यात माझं लक्ष टीपॉयवर गेलं. वर्तमानपत्रावर वजन म्हणून ठेवलेला एक हिरवट, चमचमता दगड! महाजनीने तो कधीच पाहिला होता. गडी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, घाम पुसायलासुद्धा हात न काढता बसला होता.

आणि अण्णांनीच तो उचलून त्याच्यापुढे धरला! "आमच्या आजोबांनी आणलेला. काय आहे म्हणता हा, सांगा की!"

महाजनीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको! त्याने दगड घेतला, फिरवला, उजेडात धरला. आणि मग, काय सांगू, डोळे मिटून चाटला!

"अय्यो!" अण्णा खुर्चीतून उठलेच. दारातून मुलीच्या आईचा "अगं बाई!" ऐकू आला. मी चपला कुठे काढल्यात ते आठवू लागलो. महाजनी दगडासारखाच बसला होता, मान खाली, कान लाल.

कमल कॉफी घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला, त्याच्या हातून दगड घेतला आणि खिडकीपाशी नेला. "ओला झालाय तिथेच चमकतोय, अण्णा," ती म्हणाली. "म्हणून चाटतात होय?"

महाजनीने कशीबशी मान डोलावली.

मग तिने दगड फिरवून बरोबर तीच ओली बाजू वर घेतली, आणि जीभ लावली!

दारातून तिची आई किंचाळली, "अगं कमळे, उष्टा आहे तो!"

"ठाऊक आहे," कमल म्हणाली, आणि तिने दगड परत त्याच्या हातात दिला.