बुटका ट्रायपॉड

रंधा धबधब्याचं पाणी फोटोत दुधासारखं दिसावं, म्हणून मला ट्रायपॉड हवा होता. राजूरच्या एका स्टुडिओत शिरून मी थाटात सगळ्यात उंच, चकचकीत ट्रायपॉडवर बोट ठेवलं.

साठीच्या दुकानदारांनी त्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास मलाच ठेवायला लावला. त्यांचे हात थरथरत होते. मग त्यांनी ट्रायपॉडच्या पायाला टिचकी मारली आणि पाणी थेट माझ्या पायांवर!

"बगा साहेब, ह्यो नुसता दिसायला ऐटदार हाय. कॅमेरा पाच सेकंद उघडा ऱ्हानार, तवर ह्यो नाचंल."

मग एक जाड पायांचा, बुटका ट्रायपॉड आला. त्यावरचं पाणी टिचकीने जेमतेम शहारलं.

"तुम्ही किती वेळा टिपलाय रंधा?"

"एकदाबी न्हाई. जल्मभर लग्नंच टिपली. सवड झाली, तवा हात असे झाले."

"टायमर लावला की हाताचं काय काम?"

"ठाऊक हाय. पन ह्ये धूड तिथवर न्यायचं कुनी?"

मी ट्रायपॉड खांद्यावर टाकून कमरेत वाकलो. "हमाल हजर आहे, सरकार!"

त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. "चला. पन बटन मी दाबनार हां!"

माझ्या दिवाणखान्यातला रंधा सगळे वाखाणतात. मी दर वेळी सांगतो, तो मी काढलेला नाही.