शेवंताच्या मोहाखालची झाडलेली जागा

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापुढेही नाही. देवापुढे बोललं की काहीतरी मागितल्यासारखं होतं, आणि मला मागायचं नाही. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगता येतंय की काय, कोण जाणे.

आधी उन्हाळ्याचं सांगते. ते मला सोपं जातं.

आमचं गाव सिंदेवाहीच्या बाजूला, रानाला खेटून. धानाच्या बांध्या संपल्या की रान सुरू. आमच्याकडे उन्हाळा कॅलेंडर बघून येत नाही. पळस पेटला की तो आला. मग मोहा टपकतो, मग चारोळीची चारं पिकतात, मग तेंदूची पानं तोडणीला येतात. निदान असं होतं. आता पळस फुलतो तेव्हा अंगात अजून स्वेटर असतं, नाला होळीच्या आधीच कोरडा पडतो, आणि वाघ पाण्यासाठी शेतातल्या बोडीवर, म्हणजे तळ्यावर, येतो. पूर्वी तो रानात राहायचा, आम्ही गावात. आता कोण कुणाच्या घरात शिरलंय ते सांगता येत नाही. मोबाईलवर वनखात्याचा निरोप येतो, अमुक भागात जाऊ नका. आणि त्याच भागावर तर आमची चूल पेटते.

मी अंगणवाडीत मदतनीस आहे, पण गावात माझी ओळख निराळी. हिला रान वाचता येतं, म्हणतात. कोणतं जनावर कधी गेलं, कुठून गेलं, एकटं होतं की पिलांसकट — लोक मला विचारतात. मीही तोऱ्यात सांगते. खोटं नाही ते. खोटं असतं तर बरं झालं असतं.

मोहाची आमच्याकडे एक रीत आहे. रानातली झाडं कागदावर कुणाचीच नाहीत, पण घराघराला वाटलेली आहेत. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. फुलं पहाटे गळतात, म्हणून आदल्या दुपारी झाडाखालचा पाला साफ करायचा. पूर्वी लोक पेटवून द्यायचे. त्यानं वणवे लागतात, म्हणून आता खराट्यानं झाडतात. माझ्या झाडाला लागूनच शेवंताचं झाड होतं. शेवंता माझी मैत्रीण. काय आवाज होता तिचा! झाडाखाली पोचली की अशी हाळी द्यायची, की गावात ऐकू यावी. मी तिला भोंगा म्हणायचे. ती म्हणायची, "मी मेल्यावर कोनाले भोंगा म्हनशीन वं?"

त्या उन्हाळ्यात ऐन मोहाच्या भरात तिला ताप आला. अंथरुणातूनच म्हणाली, "माह्या झाडाखाली येवढं झाडून देजो बाई. उद्या कसंही करून येतोच मी." झाडून देणं म्हणजे काय, हात दोनदा इकडेतिकडे फिरवायचा. मी गेले.

तिच्या झाडाखाली माती मऊ होती. रोज झाडून झाडून पिठासारखी झालेली. आणि त्या मातीत —

थांबा. मी भराभर सांगून टाकते, नाहीतर परत पळसावर जाईन.

त्या मातीत वाघिणीचं पाऊल होतं. ताजं. कडा जराही ढासळल्या नव्हत्या. आणि शेजारी लहान पावलं. पिलंवाली होती. पिलंवाली पाण्याजवळची जागा सहजासहजी सोडत नाही, आणि तिथून जवळच नाल्यात एक डबकं उरलं होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर त्याला कळलं नसतं म्हणायला जागा होती. मला ती जागा नव्हती.

मी काय करायला हवं होतं, हे काय सांगायला हवं? गावात यायचं, वनरक्षकाला सांगायचं. पण मग रान बंद झालं असतं. आदल्या साली असंच झालं होतं, मोहा झाडाखाली कुजला, उरला तो रानडुकरांनी खाल्ला. आणि या साली माझं झाड असं लदबदलं होतं, की खाली उभं राहिलं तरी वासानं डोकं गरगरावं. हाव सुटली मला. याला दुसरा शब्द नाही.

मी खराटा फिरवला. पाऊल गेलं, पिलांची पावलं गेली. मग पुन्हा एकदा फिरवला. जागा स्वच्छ झाली. परतताना शेवंताच्या घरी जाऊन तिला म्हणाले, "देल्लं वं झाडून."

इथपर्यंत हाव होती. पुढचं काय होतं?

पहाटे ती टोपली घेऊन माझ्या दारात. अंगात कणकण होतीच. "चाल नं वं. मोहा वाट पाहून राह्यला."

मी आतूनच म्हणाले, "मले उशीर हाये. तू हो पुढं."

कसला उशीर? माझी टोपली उंबऱ्याशी तयार होती. चूलसुद्धा पेटवलेली नव्हती. मी त्या थंड चुलीपुढं बसले आणि कान रानाकडे लावले. तिची हाळी आली की जागा मोकळी आहे असं समजायचं, आणि निघायचं. हे मी ठरवलं होतं. शब्दांत नसेल ठरवलं, पण ठरवलं होतं.

हाळी आली नाही.

पुढं लोकांनी रानातून जे आणलं त्याचं मी सांगत नाही. लोक म्हणाले, शेवंता हट्टी, तापात एकटी कशाला गेली. आणि माझ्याबद्दल म्हणाले, "बाईनं तं तिचं झाडबी झाडून देल्लं होतं, अशी माया कोन करते?" मी रडत होते. रडणं खरं होतं. पण बोलले नाही. करून सवरून नामानिराळी राहिले, आणि वर मायाळू ठरले.

तिची मुलगी सुनीता तेव्हा फ्रॉकमध्ये होती. आता आईच्या त्याच झाडाखाली वेचते. मोहा सुरू झाला की दर साली पहिली ओंजळ माझ्या दारात आणून ठेवते. मी ती वाळत घालते. खायला नको वाटतं, आणि टाकवतही नाही.

या उन्हाळ्यात पुन्हा पाऊल दिसलं. त्याच झाडाखाली, सुनीतानं झाडलेल्या मातीत. मी खराटा तिथंच टाकला आणि धावत गावात आले, दारोदार सांगितलं. रान बंद झालं. लोक चिडले, माझ्या नावानं बोटं मोडली. दुसऱ्या दिवशी तिथंच एका गुराख्याची गाय मारलेली सापडली.

सुनीता दुपारी घरी आली. डोळे भरलेले. "काकी, आज मी गेली असती. तुमी होत्या म्हनून वाचली. माह्या मायच्या येळी तुमाले दिसलं असतं तं..."

ती वाकली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी पाय मागे घेतले नाहीत.