राहीबाईच्या ओवीतला हिरडा

“आधी झाड सांगा, राजा मागनं बघू.” सांगलीच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे महावीर मगदूम कुणाच्याही ओट्यावर टेकले, की पहिलं हेच म्हणायचे.

साल चौऱ्याहत्तर. दुष्काळ नुकताच उलटला होता. आमच्या कवठे महांकाळच्या रानात बाभळीशिवाय सावली नव्हती. आणि हा माणूस एसटीनं येऊन बायकांना विचारी, जात्यावर कोणती झाडं गाता? मी त्यांना घरं दाखवी. बायका पदरात हसत.

सात वर्षं त्यांनी ओव्या उतरवल्या. त्यातून प्रबंध उभा राहिला: या माळावर एके काळी दाट जंगल होतं. त्याचा सगळा भार आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या राहीबाईच्या एका ओवीवर होता.

दारी माज्या हिरडा गं, मागं जांभळीचं बन
धुक्यामंदी चरतंया माज्या बंधवाचं धन

प्रबंध द्यायला आठ दिवस उरले, तेव्हा सर ते प्रकरण राहीबाईला वाचून दाखवायला आले. म्हातारी मन लावून ऐकत होती. मधेच खळखळून हसली.

“आवं सर, ही माज्या सासूची ओवी. ती मेढ्याकडची, पार महाबळेश्वराच्या अंगाची. दळताना बाई म्हायेर गाती. सासरचं कोण गातंय? सासरी दळाय लागतंय!”

“मग इथं काय होतं?”

“बाभळी. आन् धोंडं.”

सरांचा चेहरा उतरला. मी हळूच म्हटलं, “सर, पुण्याच्या परीक्षकाला काय ठावं? राहीबाई थोडीच सांगाय जातीय.”

“मला कळलंय की, नानासो.”

त्यांनी पेन काढलं आणि चाळीस पानांवर एकेक करून फुली मारली. राहीबाई घाबरली. “मी बोलाय नको हुतं व्हय?”

“बोला अजून. या गल्लीत कोण कुठनं नांदायला आलंय?”

राहीबाई सांगू लागली. एक कोरेगावची, एक कृष्णाकाठची, एक कर्नाटकातली. सर लिहीत गेले. इतकी रानं बायकांच्या तोंडून चालत माळावर आली होती, आणि आम्हा पुरुषांना पत्ता नव्हता.

सर जैन, दिवस कलायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. राहीबाईनं घाईनं भाकरी वाढली.

“आता सांगलीला?” मी विचारलं.

“न्हाई. मेढ्याला. हिरडा उभा हाय का बघतो.”

पिशवी खांद्याला लावून ते स्टँडच्या वाटेला लागले. राहीबाई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिच्या मागं तिन्ही सुना, पिठाच्या हातांनी. आपलं माहेर कुणी विचारलंच नाही, म्हणून जराशा रुसलेल्या.