गुन्हा अंगावर घेणारा रॅपर

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो.

गंगापूर रोडवर भरदुपारी एका तरुणावर हल्ला झाला. मांडीत खोल जखम, पण जीव वाचला. हल्लेखोराच्या डोक्यावर हेल्मेट होतं, त्यामुळे चेहरा कोणालाच सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, हा चाकू नव्हे. द्राक्षबागेत छाटणीला वापरतात तसल्या कात्रीचा घाव आहे. ही गोष्ट आम्ही पोलिसांनी बाहेर फुटू दिली नाही. पेपरात फक्त 'धारदार शस्त्र' एवढंच आलं.

मग आमच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, मोबाईल उघडा. एक पोरगा रॅपमधून गुन्हा कबूल करून ऱ्हायलाय!"

खरंच! शहराबाहेर फुलशेती करणाऱ्या घरातला एकोणीस वर्षांचा पोरगा कॅमेऱ्याकडे रोखून बघत गात होता, मीच भिडलो, मीच वार केला. आणि त्यात चक्क 'कात्री' हा शब्द! ती तर पेपरात आलीच नव्हती. तासाभरात पोरगा ठाण्यात हजर.

एरवी आरोपी आधी नाकारतो, मग रडतो, मग जामिनाचं विचारतो. हा म्हणाला, "सर, मीच केलं. लिहून घ्या. फोटो कधी काढणार?"

"कसला फोटो?"

"पाटी धरून काढतात ना, तो."

त्याच्या लाडक्या परदेशी रॅपरच्या अल्बमवर म्हणे तसाच फोटो होता. "जो आत जाऊन आलाय, त्याचंच लोक ऐकतात, सर. माझं कोण ऐकणार? मी फुलं विकतो."

"वार कुठे केलास?"

"पोटात."

मी हवालदाराकडे बघितलं. घाव तर मांडीत होता. शस्त्र बरोबर, जागा चूक! पोरगा तिथे नव्हताच. पण जो होता, त्याला हा ओळखत होता.

किती खोदून विचारलं तरी नाव सांगेना. तेवढ्यात ठाणे अंमलदार धावत आला. जखमी तरुणाचे साथीदार ते गाणं ऐकून फूलबाजाराकडे निघाले होते. पोराला शोधत! आणि तिथे त्याचा बाप एकटाच होता.

आम्ही जीप पिटाळली. पोहोचलो तेव्हा चौघांनी बापाला घेरलं होतं, एकाच्या हातात लोखंडी रॉड. बाप झेंडूच्या क्रेटमागे उभा राहून एकच विचारत होता, "पन माझ्या पोरानं केलं काय?" रॉड उगारलेला हात हवालदाराने मागून पकडला, मी पुढून आडवा झालो. झटापटीत क्रेट उलटले, रस्ताभर झेंडू सांडला. चौघेही ताब्यात!

बापाला घेऊन ठाण्यात आलो. बाही फाटलेली, कोपरातून रक्त येत होतं. पोरगा ताडकन उठला.

"आबा, हे कोणी केलं?"

"तुला शोधत आल्ते. म्या सांगितलं, माझ्या पोरानं कुनाला चापट बी मारली नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "नाय ना मारली, साहेब?"

पोराचा बांध फुटला. तो भडाभडा बोलू लागला. ज्या मित्राच्या खोलीवर गाणी रेकॉर्ड व्हायची, त्यानेच जुन्या भांडणातून वार केला होता. गाण्याचे शब्दही त्याचेच. "तू अंगावर घे. तुझ्या स्टारलाही जेलनेच मोठं केलं," असं त्याने पोराच्या डोक्यात भरवलं होतं. जखम कुठे झाली, तेवढं सांगायचं राहून गेलं.

मित्राला आम्ही वणीच्या बसस्टँडवर उचललं. कात्री त्याच्या सॅकमध्येच होती. पंचांसमक्ष जप्त केली. दिशाभूल केल्याबद्दल पोरावरही कारवाई करता आली असती. वरिष्ठांशी बोलून मी त्याला साक्षीदार केलं.

जबाब संपल्यावर मी विचारलं, "तुझा स्टार आत किती वर्षं होता?"

"माहीत नाही, सर."

त्याला फोटो पाठ होता, आतले दिवस ठाऊक नव्हते. अशा स्टारच्या मागे जाणाऱ्या पोरांना गुन्हाच आवडतो, असं मी समजत होतो. त्या दिवशी कळलं, त्यांना हेवा वाटतो तो जगाने त्याचं ऐकून घेतल्याचा. आणि आरोपी काय लपवतो हे शोधण्यात हयात घालवलेल्या मला, तो काय मिरवतो हेही ऐकावं लागतं, हे या पोराने शिकवलं.

दोघं निघाले. फाटकापाशी बाप थांबला. "काय गातो रे तू? मला तर कधी ऐकवलं नाय."

पोरगा खाली मान घालून म्हणाला, "हे नको, आबा. दुसरं ऐकवतो."