कुंदा आणि आंब्यांवरचा आळ

माझ्या नणंदेला, कुंदाला, काखेत गळवं येऊ लागली तेव्हा मी मोठ्या थाटात निदान केलं, "आंबे बाधलेत!" आणि तिचे आंबे बंद केले. रत्नागिरीच्या मुलीचे, ऐन वैशाखात! हसू नका. तेव्हाची मी म्हणजे शांती नगरच्या आमच्या बिल्डिंगमधली बिनपदवीची वैद्य. कुणाचं काहीही दुखो, माझ्याकडे दोनच रोग होते, उष्णता आणि वात. आता आजी झालेय, नातवंडं शहाणी आहेत, मला काही विचारत नाहीत.

कुंदा गेल्या महिन्यात गेली. यंदाची पेटी गावाहून आली ती तशीच पलंगाखाली आहे. घरभर वास सुटलाय… उघडायला हात धजत नाही.

ती माझ्याहून बरीच लहान. मी लग्न होऊन आले तेव्हा परकर सावरत माझ्यामागे फिरायची. तिचा नवरा काशीमीऱ्याला गोदामात कामाला होता. तो खंगत खंगत गेला. टीबी, असं सगळे म्हणाले. त्यानंतर सासरच्यांनी तिला एका पिशवीसकट आमच्या दारात आणून सोडलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही खोदून विचारलं नाही.

एक गळू बसलं की दुसरं. काखेत, मांडीवर, मग मानेवर. मी पळीत कणीक, हळद आणि तेल शिजवून पोटीस करायचे. ती मागे सरायची.

"वहिनी, दे इकडे, मी लावते. तू हात नको लावू."

"अगं, गळवाला हात लावून मला काय या वयात दिवस जाणारेत?"

ती हसली नाही. "प्लास्टिकची पिशवी तरी घाल हाताला," म्हणाली. मला वाटलं, लाजतेय. शेजारच्या भावनाबेन एकदा बघून म्हणाल्या, "मासी, डॉक्टर को दिखाओ ना." मी माझ्या अस्सल हिंदीत त्यांना वाटेला लावलं, "अरे, आंबे का गरमी है, उतर जाएगा."

मग मानेवरचं मी दाबलं. पिकलंय, निघू दे एकदाचं, म्हटलं. दुसऱ्या दिवशी खांद्यापर्यंत कातडी लालभडक, हात लावला तर चटका बसावा अशी, आणि कुंदा तापात बरळतेय. रिक्षात घालून सरकारी हॉस्पिटल गाठलं. त्यांनी चिरा देऊन पू काढला, रक्त तपासलं. कुंदा भानावर आली, तिनं 'सांगा' म्हणून मान हलवली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं.

"आंब्यांचा काय दोष, मावशी? हे जंतू तुमच्या-माझ्या कातडीवरही असतात. एचआयव्हीमुळे यांच्या अंगातली लढायची ताकद पार संपलीय, म्हणून जंतूंना मोकळं रान मिळालं. आणि गळू कधी दाबायचं नसतं."

यावर माझा पहिला प्रश्न काय असावा? "माझ्या हातांना काही होणार नाही ना?" कुंदा ऐकत होती. बाईंनी समजावलं, तरी मी नळावर जाऊन हात धुतले. परत येऊन बसले, आणि पुन्हा उठून धुतले.

गोळ्या सुरू झाल्या. काही वर्षं बरी गेली. कुंदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कोपरापर्यंत रस गाळत बाठ चोखायची, माझ्याकडे बघून मुद्दाम आवाज करत. पण उपचार उशिरा सुरू झाले होते, अंगात जोर असा परत आलाच नाही. या वेळी पायावरचं एक साधं गळू, आणि जंतू थेट रक्तात गेले…

तिनं आधी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? आज विचाराल तर म्हणेन, पोटाशी धरलं असतं. पण नळाखाली हात चोळणारी ती बाई मला ठाऊक आहे, तिचा भरवसा मी देत नाही.

त्या दिवशी वॉर्डात, ओल्या हातांनीच, मी तिच्यावर चिडले होते, "तुला ठाऊक होतं ना सगळं? मग मुकाट्यानं आंबे का सोडलेस?"

ती म्हणाली, "आंब्यांशिवाय राहता येतं, वहिनी. तुझं घर सुटलं असतं तर मी कुठे गेले असते?"