काहीच न करण्याचं काम

गल्लीत तिला सगळे सिस्टर म्हणत. नवराही म्हणे, पण चिडवायला. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढल्यामुळे तिला एक गोष्ट मुळीच जमत नव्हती, ती म्हणजे हात आवरणं. समोर कुणी नुसतं शिंकलं तरी तिचे हात शिवशिवत.

आणि बाईंना वाढवायचं होतं ते नेमकं कुणाची काळजी न खपणारं एक निळं रानफूल. दवाखान्यामागच्या मुरमाड उतारावर ते आपलं आपण यायचं, भर उन्हाळ्यात, गवत करपून गेल्यावर. ड्यूटी संपली की ती मागच्या दाराने निघायची ती त्याला बघायलाच. ती निवृत्त झाली त्या वर्षी उतार सपाट करून गाड्या लावायला काँक्रीट ओतायचं ठरलं. मशीन येण्याआधी तिने गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटात चाळीसेक बिया भरून आणल्या. हे फूल दुसरीकडे तिला कधी दिसलं नव्हतं, आणि तिने शोधायचं बाकी ठेवलं नव्हतं.

पहिल्या वीस बियांना तिने खत घातलं, दोन वेळा पाणी पाजलं, वर चादरीची सावली केली. रोपं आली आणि आठवड्यात मुळाशी कुजून आडवी झाली. पुढच्या दहांचं खत बंद केलं, पाणी निम्म्यावर आणलं. तीही गेली. तिने कपाळावर हात मारून घेतला.

दवाखान्याचा म्हातारा माळी ते ऐकून हसला. "सिस्टर, तुम्ही त्याला आयसीयूत ठेवलंत. खडीत टाका आणि विसरा."

"विसरा काय? उद्या काही झालं तर?"

"झालं ते तुमच्याच हातून ना?"

तिला भयंकर राग आला, कारण म्हातारा खरं बोलत होता.

शेवटच्या दहा बिया तिने अंगणाच्या कोपऱ्यात खडीत टाकल्या. पाच रुजल्या. तिने भिंतीवर तक्ता लावला: तारीख, पानं, पाणी. पाण्याच्या रकान्यात रोज नुसती आडवी रेघ. दुपारी पानं मिटून घेत, तेव्हा ती पाठ फिरवून घरात जाई आणि उगाचच कपाट आवरत बसे. असे दोन महिने तिने दातओठ खात काढले. एका रोपाला कळी आली.

तेवढ्यात मुलीचा फोन आला, दिवस भरण्याआधीच तिला दवाखान्यात नेलं होतं. सिस्टर पिशवी भरून निघाली. दारात नवऱ्याला म्हणाली, "कोपऱ्यात काही म्हणजे काही करायचं नाही. पाणी तर नाहीच."

टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थाने घरात कधी इकडची काडी तिकडे केली नव्हती. ज्याने चाळीस वर्षांत स्वतःचा कप उचलला नाही, तो झाडाला काय हात लावणार! ती निर्धास्त गेली.

बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आल्यावर तीन आठवड्यांनी परतली ती पिशवी हातातच घेऊन कोपऱ्याकडे वळली. खडी ओलीचिंब. पाचही देठ काळे पडून झोपलेले. तक्त्यावर तिची शेवटची रेघ, आणि तिच्याखाली सुवाच्य अक्षरात रोजची नोंद: एक तांब्या. एकही दिवस चुकला नव्हता.

"काय केलंत हे!" ती ओरडली. "एक काम सांगितलं होतं, काही न करण्याचं! आयुष्यभर तेच केलंत ना? मग आत्ताच कसा पान्हा फुटला तुम्हाला?"

"दुपारी पानं मिटली गं," तो म्हणाला. "मला बघवेना. तू इतकी जपत होतीस, तुझ्यामाघारी गेली असती तर?"

त्याने पाच मारली होती, तिने याच मायेने त्याहून कितीतरी जास्त. मनासारखं चिडायचीही सोय उरली नव्हती, आणि याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला.

ती खाली बसली. कळी होती त्या देठाला तिने बोट लावलं, तर तो बोटालाच चिकटून आला.

तो मागे उभा होता, हात एकमेकांत अडकवून, वॉर्डाबाहेर नातेवाईक उभे राहतात तसा. "वाचेल ना गं एखादं?"

हा प्रश्न तिला बत्तीस वर्षं रोज विचारला गेला होता आणि तिने रोज एकच उत्तर दिलं होतं, डॉक्टर येतील, त्यांना विचारा. आज कुणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

"नाही," ती म्हणाली.