ते ग्रहण बाधलं नव्हतं

मी नेवासे तालुक्यातल्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. सूर्यमाला हा माझा आवडता धडा. पुस्तकात असतं त्याहून चार गोष्टी जास्त सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. सूर्याचा प्रकाश आपल्याकडे यायला आठ मिनिटं लागतात, म्हणजे आत्ता दिसतोय तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा. शनी एवढा मोठा, पण त्याला मावेल इतकं पाणी मिळालं तर तो त्यावर तरंगेल. हे सांगितलं तेव्हा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, पण तेवढी बादली आणायची कुठून?" वर्ग खो खो हसला. मीही हसलो. ती मात्र उत्तराची वाट बघत उभीच राहिली.

गावात अजूनही ग्रहण आलं की लोक तिच्या उजव्या डोळ्याचं उदाहरण देतात आणि पोरांना आत ओढतात. ते खोटं आहे. ते खोटं मी चालू दिलं, म्हणून हे लिहितो आहे.

कोरोनाच्या आधीच्या डिसेंबरात, सकाळच्या वेळी, आमच्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार होतं. आठवडाभर मी घरोघर फिरलो. सूर्य चंद्राच्या साधारण चारशे पट मोठा आणि चारशे पट लांब, म्हणून दोघे आपल्याला सारखेच दिसतात. चंद्र मध्ये आला की सूर्य झाकला जातो, बाकी काही नाही. तिच्या आईनं मला उंबऱ्यातच थांबवलं.

"सर, आमच्यात ग्रहनात लेकरं भाईर न्हाई सोडत."

"ताई, सावली ती. सावलीनं कुणाचं काय होतं?"

"तुमी हाय ना पन तितं?"

"मी आहे."

"मग न्या. तुमच्या भरवशावर हाय बरं का."

ग्रहण बघायचे खास चष्मे मी नगरहून मागवले होते. साठ मुलांसाठी आले पाच. ते पाचही मुख्याध्यापक आणि पाहुण्यांच्या डोळ्यांवर गेले, कारण फोटो काढायचा होता, आणि फोटोत मीही होतो. मुलांसाठी मी घरून वडिलांच्या छातीचा जुना एक्सरे नेला होता. तो कात्रीनं कापून तुकडे वाटले. चष्म्याच्या पाकिटावर स्पष्ट छापलं होतं की एक्सरेची फिल्म वापरू नये. मी ते वाचलं होतं. लहानपणी आम्ही एक्सरेतूनच ग्रहण बघितलं होतं आणि आम्हाला काही झालं नव्हतं, एवढ्या आधारावर मी ते पाकीट खिशात घातलं.

बाकीची पोरं दोनदा बघून कंटाळली आणि मैदानामागच्या बोरीखाली पळाली. ती हलली नाही. दर दहा मिनिटांनी बघून चित्र काढायचं, असं मीच सांगितलं होतं. डावा डोळा मिटून, उजव्याला तुकडा लावून ती नीट बघायची आणि मग वहीत गोल काढायची. बारा गोल काढले तिनं. मी वही उंच धरून सगळ्यांना दाखवली. "अभ्यास असा असतो," म्हणालो.

दोन दिवसांनी ती बाकावरून उठून फळ्याजवळ आली. "सर, डावा डोळा मिटला की तुम्ही लिहिता त्यातला मधला शब्द दिसत नाही. कडेचे दिसतात."

तिचे वडील साखर कारखान्यात होते. गळीत हंगाम, सुट्टी मिळेना. म्हणून तिला आणि तिच्या आईला एसटीनं नगरला मीच घेऊन गेलो. सावेडीत डोळ्यांचा दवाखाना होता. डॉक्टरांनी तपासून तिला आईबरोबर बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "कशातून बघितलं?"

"एक्सरेतून."

"कुणी दिला?"

"शाळेत," मी म्हणालो.

मग त्यांनी समजावलं. ती फिल्म डोळे दिपू देत नाही, पण न दिसणारे किरण आत सोडते. माणूस निवांत बघत राहतो आणि डोळ्याचा पडदा मधोमध भाजतो. दुखतही नाही. औषध नाही. सहा महिन्यांत जे सुधारेल ते सुधारेल. "डावा डोळा उत्तम आहे. त्याला काही होणार नाही. घरच्यांना तेवढं नीट सांगा."

बाहेर बाकड्यावर आई पोरीचा हात धरून बसली होती. मला बघताच उठली. "ग्रहनच बाधलं ना, सर?"

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पण 'नाही' म्हटलं की 'मग काय?' आलं असतं. मी मान हलवली. हो अशी. मग डाव्या डोळ्याचंही बोललो नाही, कारण त्या वाटेनंही बोलणं एक्सरेवरच आलं असतं.

गावानं मला दोष दिला नाही. उलट पारावर लोक म्हणायचे, "सरांनी भल्या मनानं नेलं, पर ग्रहापुढं कुनाचं चालतंय?" ते ऐकून मला बरं वाटायचं. आयुष्यभर ज्या समजुतीविरुद्ध बोललो, तिच्याच आडोशाला मी उभा होतो आणि तिथे ऊन लागत नव्हतं.

एका शनिवारी तिची आई म्हणाली, शिंगणापूरला तेल वाहायचंय, मालकाला सवड न्हाई, तुमी चला. मी गेलो. फळ्यावर मी शनीची कडी काढतो तेव्हा सांगतो, ही बर्फाच्या आणि दगडांच्या तुकड्यांची आहेत. तिथे एक यान गेलं, त्याला पोचायला सात वर्षं लागली. त्या दिवशी मी हात जोडून उभा राहिलो आणि मनात म्हणालो, हिचा डोळा दे, हवा तर माझा घे. अगदी मनापासून म्हणालो. माझ्याकडे मागायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. आईच्या हातातली बाटली घेऊन मीही तेल वाहिलं.

सहा महिने गेले, वर्ष गेलं. भेटेल तिथे मी विचारायचो, "आज कसं वाटतं?" ती म्हणायची, "थोडं दिसतं, सर." पुढे माझ्या ध्यानात आलं की ती हे माझ्यासाठी म्हणते. मग मी विचारायचं सोडलं.

दहावीनंतर तिनं आमच्याच शाळेत अकरावीला कला शाखा घेतली. त्याच ऑगस्टमध्ये आपलं यान चंद्रावर उतरलं. संध्याकाळी सगळी शाळा हॉलमध्ये टीव्हीसमोर बसली होती. यानाचा वेग कमी कमी होत गेला तसा हॉल गप्प झाला. उतरलं तेव्हा पोरांनी बाकं बडवली. ती मागच्या भिंतीशी उजव्या डोळ्यावर तळहात धरून उभी होती. शेजारच्या पोरानं विचारलं, "दक्षिण ध्रुवाकडंच कशाला गेले गं?" ती म्हणाली, "तिथल्या खोल खड्ड्यांत ऊन कधी पोचतच नाही. बर्फ असणार तिथे. तुला काय, तू शेंगा खा."

हॉल रिकामा झाल्यावर मी तिला विचारलं, "सायन्स का नाही घेतलंस बाळ?"

"आई नको म्हणते, सर. ग्रहणाचं एका डोळ्यात थांबत नाही म्हणे, दुसऱ्यातही उतरतं. शिल्लक आहे तोवर जपायचा. कमी वाचायचं."

मी तिथल्या खुर्चीवर बसलो. ती विचारत होती, सर, पाणी आणू का?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी गेलो. आई ओट्यावर सुपात बाजरी पाखडत होती. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. पाच चष्मे, पाकिटावरची सूचना, एक्सरे, डॉक्टर काय म्हणाले ते. तिचा हात सुपावर थांबला.

"चार वरीस," ती म्हणाली. "चार वरीस हे मला रोज बोलत्यात, तूच सोडली पोर भाईर. अन मी बी तेच म्हनत हुते. मीच सोडली." मग माझ्याकडे न बघता, "शनीला तेल वाह्यलं तुमी माझ्यासंगं."

"वाहिलं, ताई."

"तवा बी ठावं हुतं?"

"हो."

पोरगी दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "सर, डावा चांगला आहे, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं?"

"हो."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

ती रडली नाही, ओरडली नाही. फळ्याजवळ येऊन बोलली होती त्याच सरळ आवाजात म्हणाली, "मी रोज सकाळी जाग आली की आधी डावा उघडून बघते, सर. आहे का गेला ते. चार वर्षं."

आईनं सूप बाजूला ठेवलं. "उठा आता, सर," ती म्हणाली. मी उठलो.